तांबेऱ्याला पुरून उरणारं बी

"बघा हो हिला! माझे डोळे तपासायला आणलं, आणि स्वतः कुंडीतल्या झाडाची पानं उलटीपालटी करत बसलीय," दवाखान्याच्या बाकावर म्हातारी शेजारच्या बाईंना सांगत होती.

"आई, हळू बोल गं."

"का? धडधाकट गव्हाला मुद्दाम तांबेऱ्याचा रोग लावायचा, ही हिची नोकरी!"

"अगंबाई! कशाला?" बाईंनी डोळे मोठे केले.

"टिकेल त्याचंच बी धरायला."

"मावशी," लेक बाईंना म्हणाली, "उमेदीची वर्षं घालून मी जो गहू काढला, त्याच्यावरच यंदा तांबेरा पडला. सोडतेय मी नोकरी."

म्हातारी गर्रकन लेकीकडे वळली.

"पहिल्याच तांबेऱ्याला मान टाकणारं रोप तू बियाण्याला ठेवतेस का? मग मीही घरात तसलं बी धरलेलं नाही. बघ ती पानं!"