पुलावरच्या शत्रूचा कोट

— नाही हो, घट्ट नाहीये तो, तुम्हीच पोट फुगवून उभे आहात. सोडा श्वास. हां, असं. बेकरीवाल्याच्या घरचं खाऊन लग्नाआधीचं माप राहतंय होय कुणाचं? हलू नका, टाचण्या आहेत, एखादी टोचली तर मला बोल लावू नका. दर वर्षी हेच. स्मृतिदिनाचा खेळ आला की गावातल्या झाडून सगळ्यांना आपल्या बाजूचे सैनिक व्हायचं असतं, शत्रू व्हायला कुणी नको — मग काय, नवा जावई दिसला की घाल त्याला शत्रूच्या कोटात. गेल्या वर्षी न्हाव्याचा जावई होता. पोरांनी खराखुरा चिखल मारला त्याला, बायको हसली म्हणून दोन दिवस बोलला नाही तिच्याशी. तुम्ही आपले लवकर पडा, जावईबापू. पुलावर यायचं, बंदूक रोखायची, माझ्या भावाचं, आमच्या दादाचं सोंग घेतलेला पोरगा गोळी झाडेल, की लगेच पडायचं. रेंगाळायचं नाही. लोकांना मेलेला शत्रू आवडतो, मरत असलेला फार वेळ बघवत नाही.

पण यंदा पडून भागणार नाही म्हणा. स्मृतिदिन समितीच्या अध्यक्षांनी नवीनच काढलंय ना — मेलेल्या शत्रूने उठायचं, खुर्चीवर बसलेल्या खऱ्या दादापुढे जायचं, हात पुढे करायचा, दादाने तो हातात घ्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून शांततेची शपथ. शपथ चांगली आहे हो. शपथेला माझं काही म्हणणं नाही, लढाई डोळ्यांनी पाहिलेलं माणूस शांततेला कशाला नको म्हणेल? पण हे कानावर गेल्यापासून दादा धड जेवलेला नाही. आतल्या खोलीत झोपलाय, जरा हळू बोला. 'मी त्याचा हात धरणार नाही' — एवढंच म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करतो. अध्यक्ष म्हणतात, म्हातारबुवांचा राग अजून गेला नाही. राग असता तर बरं झालं असतं. मला भीती वाटते हो उद्याची. म्हणून तर तुम्हाला एकट्याला बोलावलं फिटिंगला. उद्या हात पुढे करू नका. विसरलात म्हणा, बावरलात म्हणा. मान लववा आणि बाजूला व्हा. करायचं का एवढं माझ्यासाठी? — बघतो म्हणू नका, हो म्हणा.

कसा होता म्हणजे? तो खरा? ... हे बरं विचारलंत. इतके जावई येऊन गेले, कोट घालून मेले, कुणी विचारलं नाही. तुमच्याएवढाच असेल. बारीक. दाढी केलेली होती, त्याचं मला तेव्हाही नवल वाटलं — लढाईत दाढी कुणासाठी करतात? कोट असाच, हाच रंग, एक गुंडी वेगळी, कुणीतरी घाईत लावलेली. आणि मुंढ्यात, इथे, काखेखाली, शिवण उसवलेली, आतला पांढरा सदरा दिसत होता. मी फ्रॉकमधली पोर, पण आईच्या शिवणयंत्राशी वाढलेली — आईने शिकवलंच होतं, कपडा हातात आला की आधी शिवण कुठे उसवलीय ते बघायचं. म्हणून तेवढं लक्षात राहिलं. म्हणून मी हा मुंढा दर वर्षी दुहेरी —

काय? — नाही, बंदूक रोखून चालणाऱ्याची काख कशी दिसेल. नाहीच दिसणार. बरोबर आहे तुमचं. हात खाली असताना नाहीच दिसत.

बघा, बोलण्याच्या नादात... आता काय लपवायचं. पुलावर नव्हताच तो. पुलावर त्याला नंतर ओढत नेला. इथे होता, मागच्या अंगणात, आमच्या लाकडांच्या खोपटात लपलेला. त्याची माणसं आदल्या दिवशीच पळाली होती, हा मागे राहिला. आई कपडे वाळत घालत होती, मी चिमटे देत होते, आणि तो बाहेर आला, दोन्ही हात वर करून — असे, ताठ, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. दादा दारात. दादाच्या हातात नवी कोरी बंदूक, मिसरूड नुकतं फुटलेलं. आई म्हणाली, 'जाऊ दे त्याला. जाऊ दे रे, पोर आहे.' दादाने ऐकलं असेल नसेल. दादाच घाबरला होता हो, दात वाजत होते त्याचे, मला ऐकू येत होते. मग आवाज झाला, मग गल्ली धावत आली, आणि दादाला खांद्यावरच घेतलं त्यांनी. खांद्यावरून तो आईकडे बघत होता. आई वाळत घातलेले कपडे परत काढत होती, ओलेच. संध्याकाळपर्यंत गोष्टीत पूल आला, मग शत्रूने रोखलेली बंदूक आली, पुढच्या वर्षी भाषण आलं. कुणी दादाला विचारलं नाही आणि दादाने कुणाला सांगितलं नाही. आता म्हणतात शपथ घ्या, पुन्हा असं होऊ देणार नाही. असं म्हणजे कसं? पुलावर झालं ते? ते तर झालंच नाही. जे झालं ते पुन्हा करणार नाही, असं कोण म्हणणार — गावाच्या मते ते कुणी केलेलंच नाही. आईने मरेपर्यंत त्या अंगणात दोरी बांधली नाही.

असू दे. तुम्ही कशाला डोळे पुसता, कोटाच्या बाहीला तर मुळीच पुसू नका. चला, काम करू. हात वर करा बघू. पूर्ण वर, दोन्ही — काखेत ओढत नाही ना? नाही. धरलीय शिवण. तसेच राहा, ही एवढी एक टाचणी... कुणाकडे बघताय?

दादा. कधी उठलास? अरे, हे बेकरीवाल्याचे जावई, उद्याच्या खेळाचं माप — हात खाली घ्या हो. नको, नको, हलूच नका. दादा, काठी घे, पडशील. ऐकत नाहीये. येतोय तुमच्याकडे. येऊ द्या. काही करणार नाही तो... मला नाही वाटत करेल.

हात धरले का? दोन्ही धरले? खाली घेतोय बहुतेक, घेऊ द्या त्याला, तुम्ही जोर लावू नका. काय म्हणतोस दादा? नीट बोल, मला ऐकू नाही आलं.

'जा' म्हणतोय. 'आई म्हणतेय जा.' — अहो, उभे काय राहिलात, जा ना. कोट राहू द्या अंगात, टाचण्या टोचल्या तर टोचू देत, मागचं दार उघडं आहे. चालत नका जाऊ. तो खिडकीशी उभा राहून बघणार आहे, पुलापलीकडे दिसेनासे होईपर्यंत पळा.