उरलेली साडेतीन मिनिटं

— आणि तुमच्या पुतण्यानं, समर्थनं सांगितलं, महिन्याला पैसे भरा अन् जगातली सगळी गाणी ऐका. असंच ना? बसा, बजरंगराव — त्या स्टुलाचा पाय हलतोय, हिकडं बसा. तर सगळी गाणी. आता मला सांगा, तुम्हाला लागतात किती? ट्रॅक्टरवर बसल्यावर चाळीसाच्या वर तुम्ही कधी गेला न्हाय. अकरा वर्षं तुमचा पेन ड्राइव्ह मीच भरतोय, मला ठाव न्हाय व्हय? बाकीची काय उसाला घालणार? आणि शिवारात रेंज कुठंय तुमच्या? बांधावर चढून फोन आभाळाकडं धरला तर एक काडी दिसते, तीबी लाजत. शिवाय महिना भरायचा राहिला की गाणी गप. त्यापेक्षा एकेक गाणं घ्या, एकदा पैसे द्या, गाणं तुमचं. हे हाय घर बांधल्यासारखं, ते हाय भाड्यानं राहिल्यासारखं.

न्हाय, मी त्याच्या विरोधात न्हाय. म्हणजे हाय, पण दुकानात. घरात ते आलंय. आमची तबस्सुम पुण्याला असते ना, तिनं आईच्या फोनात घालून दिलं. आता आयुबभाईची बायको, जिच्या नवऱ्यानं अख्ख्या परंड्याच्या कॅसेटी भरल्या, ती शिलाई मशीनवर फोन टेकवून फुकटची गाणी ऐकते. फुकटची म्हणजे पोरीच्या पैशाची.

तुम्ही भरून घेतलीय का कधी कॅसेट? तुमच्या लग्नाच्या वेळची, व्हय, आठवलं. तर चिठ्ठी आणायची, तिच्यावर गाणी लिहिलेली. साठची कॅसेट, एका अंगाला तीस मिनिटं. पाच-सहा गाणी बसली की शेवटी जागा उरायची. सातवं घालावं तर मधेच तुटतंय, मोकळी सोडावी तर गिऱ्हाईक म्हणतंय फसवलं. म्हणून उरलेल्या जागेत दुकानदार आपल्या मनाचं एखादं लहान गाणं घालायचा. तसा रिवाजच होता. आता आपल्या जिल्ह्यातल्या वाशीचा एक मुजम्मिल यायचा चिठ्ठी घेऊन. अक्षर मात्र त्याचं नव्हतं. अक्षर असं गोल, ओळ सरळ, पोराचं असणंच शक्य न्हाय. चौकशी केली, तर बहीण. नूरुन्निसा. मग तिच्या दर कॅसेटीत, दोन्ही अंगाला, शेवटी मी एकच गाणं घालायला लागलो. साडेतीन मिनिटांचं, सनईनं सुरू होणारं. दीड वर्ष. तिच्या चिठ्ठ्या वाढत गेल्या, बजरंगराव. मला वाटलं, पोचलं. म्हणून तर धाडस करून अब्बांना मागणी घालायला वाशीला पाठवलं.

हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? पेन ड्राइव्ह भरायला वेळ लागतोय म्हणून.

तर गेल्या शुक्रवारी मी जेवतोय, नूरुन्निसा शिवतेय. तिच्या फोनातल्या यादीत ते गाणं मीच गुपचूप घालून ठेवलं होतं. म्हटलं, आपोआप लागंल, वर बघंल. लागलं. सनई वाजली. तिनं कापडावरची नजर न उचलता अंगठा मारला अन् पुढचं लावलं. म्हटलं चुकून. शनिवारी तेच. रविवारी तर सनईची पहिली फुंकबी पुरी होऊ दिली न्हाय. मग विचारलं, हे आवडत न्हाय का तुला? म्हणाली, कधीच न्हाय आवडलं. मग तवा कसं ऐकायचीस, एवढ्या कॅसेटी? तर म्हणते, दोन्ही पाय मशीनवर, टेप फडताळावर — उठून पुढं कोण ढकलणार? आणि ते संपलं की टेप खट्ट करून बंद पडायची, मला कळायचं अर्धा तास झाला, भात उतरवायचा.

तीस वर्षं, बजरंगराव. मी समजत होतो ते तिचं माझं गाणं हाय. ते भाताचं गाणं निघालं.

मग चिठ्ठ्या का वाढल्या म्हणता? विचारलं ना. हसली नुसती, दोरा दातानं तोडला, म्हणाली तुमच्याकडं गाणी साफ भरून मिळायची.

असो. झाली तुमची चाळीस. शेवटी थोडी जागा — न्हाय, ह्याच्यात जागाच जागा असते, पण सवय. तेच घातलंय, एक्केचाळिसावं. तुम्ही बाहेरचे, तुम्हाला कळंल. खरं सांगा फक्त, गाणं वाईट हाय का? हे घ्या, लावतो. ही सनई. आता थांबा जरा, आवाज येतोय बाईचा, इथं बघा कशी उचलते — आणि आता कडवं —

बटनाकडं कशाला हात नेताय?

... थांबा, काढतो ते गाणं. हा घ्या पेन ड्राइव्ह. पैसे समर्थच्या हाती पाठवा कधीतरी. चला, ऊन चढायच्या आत घरी जावा.