घासलेलं भांडं

आर्वीच्या बस स्टँडवर माझ्या बाजूची बाई सोबतिणीला सांगत होती.

"सुनेनं माहेरून कॉफीचं भांडं आणलं. खाली पाणी, मधात भुकटी, स्टोवर ठेवलं का कॉफी वर चढते. आतून काळंकुट्ट. मी अर्धा तास राखेनं घासलं, आरशावानी चमकवलं. तं पोरगी रडत बसली."

"काऊन?"

"तिचा बाप त्यातच कॉफी करे, नुसत्या पाण्यानं धुवे. औंदा वारला. बाबाचा वास धुतला म्हणते. मले कोणी सांगतलं होतं काय?"

"मनकर्णाबाई, तुमची काय चुकी?"

"मंग? आता रोज सकाळी ते जहर मीच करून राह्यली."

"तुम्ही कॉफी पेता?"

"थू. पण भांडं परत काळं व्हाले पाह्यजे का नाई?"