हातोडा न आपटणाऱ्या डॉक्टरबाई

आदरणीय अध्यक्ष श्री. लायल पेनिक्विक, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉ. फिलिपा नेस्बिट, आणि टूवुम्बाच्या थंडीत घरची शेकोटी सोडून आलेल्या सज्जनहो,

मी केव्ह ड्रिस्कॉल. रोमा गावच्या बाजारात गुरांचा लिलाव पुकारतो. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पुढचं शिक्षण गुरांनी केलं.

सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोचा, जोसलिनचा, डावा डोळा अंधारला. नेस्बिट बाईंनी रक्त आणि सुईनं काढलेलं पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून आजाराचं नाव सांगितलं: शरीराचे पहारेकरीच डोळ्याच्या नसेचं वेष्टन कुरतडत होते. औषधानं डोळा उजळला. महिन्याभरात मात्र तिची झोप उडाली, घरचा कुत्रा तिला परका वाटू लागला. औषध डोक्यात चढलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

बाई म्हणाल्या, "पाठीतलं पाणी पुन्हा तपासू. सोबत दुसरा आजार असावा."

"डॉक्टर, हातोडा पडला की त्या बैलावर दुसरी बोली नसते. नाव ठरलंय ना?"

"हातोडा तुमच्याकडे, केव्ह. माझ्याकडे नाही."

मी संमतीच्या कागदावर सही करेना. पहिल्या सुईला ती किती कळवळली, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, "अहो, बरी आहे ती. माझी नक्कलसुद्धा करते. ऐका. जोस, चहा घेतेस?"

"जोस, चहा घेतेस?" जोसलिन म्हणाली.

मी हसलो. तीस वर्षं माझ्या पुकाऱ्याची नक्कल करून तिनं अख्खा बाजार हसवलाय. बाई हसल्या नाहीत.

"नक्कल करताना त्या स्वतः हसायच्या?"

"पोट धरून."

"आणि आता?"

मित्रहो, शंभर माणसांत कोण खाकरलं ते सांगणारा मी. घरचा, हसू नसलेला रिकामा आवाज मला ऐकू आला नव्हता, याला काय म्हणावं? मी सही केली.

दुसरा आजार निघाला. तो स्मृतीवर आणि बोलण्यावर उठला होता. पहिलाही खोटा नव्हता. दोघं एकाच डोक्यात नांदत होते. मग यंत्रातून रक्त गाळणं, औषधं बदलणं, आणि नुसतं थांबणं. जोसलिन हळूहळू मुकी झाली. मी रोज चहा विचारी, ती छताकडे बघे.

दहाव्या आठवड्यात तिनं कपात डोकावून पाहिलं. "ह्याला चहा म्हणतोस? यात गुरं धुतलीस का?"

मी व्हरांड्यात जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होतो.

आज ती तिसऱ्या रांगेत बसलीय. तपासण्या चालू आहेत. दोन्ही आजार परतू शकतात, हे बाईंनी कधी लपवलं नाही. पण आता कुठे बघायचं ते ठाऊक आहे. नव्या डॉक्टरांनो, बाईंची तेवढी सवय उचला: उत्तर सापडलं तरी विचारत राहा.

बाई, तुमचे उपकार फिटणारे नाहीत, ते तसेच राहू द्या. अध्यक्षांनी दिलेली पाच मिनिटं मी केव्हाच ओलांडली. बाजारी तोंडातून काही वेडंवाकडं गेलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तुमच्या नजरेतून सुटलेल्या चुका जोसलिन मला गाडीत सांगेलच.