वालाच्या मडक्यातला फोन

देवजीकाकाने केलं सगळं! दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका, कंपनीचं तर नकोच, कंपनी बिचारी... नाय, कंपनी पण चोरच आहे, तिच्यावर येतो मी नंतर, पण माझा फोन मारला तो देवजीकाकाने, आणि मारला तो मारला, वर कल्याणला येऊन, एसीत बसून, कंपनीचं थंड पाणी पिऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मीच मारला म्हणून! हसता काय? तुमाला काय जातंय हसायला! तुमच्या घरात नसेल असा काका. असेल तर फोन कमरेला बांधून झोपा, एवढंच सांगतो.

देवजीकाका म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ. बाप कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, घरी येतो पाहुण्यासारखा, मग राज्य कुणाचं? काकाचं. गाय कधी फळवायची, काका सांगणार. पोरीला बघायला आलेल्यांना चहा द्यायचा की सरबत, काका सांगणार. मी कॉलेज सोडलं तेव्हा ओट्यावर चार म्हातारे गोळा करून माझ्यासमोर माझाच निकाल लावला, ‘ह्याच्याकडनं काय होनार नाय,’ आणि मी तोंड उघडलं तर आई आतून... माझी आई हिराबाई, एरवी शेजारणीला ऐकत नाय ती... आतून म्हणते, ‘गप रे भाविक, मोठं मानूस हाय.’

हे वाक्य लक्षात ठेवा. मोठं माणूस आहे. आमच्याकडे खून जरी केला ना म्हाताऱ्याने, तरी पोलीस येतील, पंचनामा करतील, आणि जाताना पाया पडून जातील.

तर फोन. तुमाला वाटेल पोराला गाणी ऐकायला फोन पायजे होता. नाय! आसनगावचा भगीरथशेठ आहे ना, लायटीचे खांब उभे करायचं काम घेतो तो, त्याला शेणवे गावाच्या वरच्या वाड्यांचं काम लागलं होतं, पावसाच्या आत सगळे खांब उभे. आणि वरच्या हापिसाने नवीनच काढलं होतं, खड्डा किती खोल घेतला त्याचा फोटो, खांब उभा राहिला त्याचा फोटो, त्याच दिवशी नेटवरून पाठवायचा, नायतर बिल पास नाय. भगीरथशेठ म्हणाला, ‘माझी माणसं खड्डा खणतात रे, फोटो कोण काढणार? टच फोन आहे त्याला सुपरवायझर करतो. खणायचं नाय, उचलायचं नाय. खड्ड्याचा फोटो, खांबाचा फोटो, पाठवून मोकळा.’ सुपरवायझर! मी! बारावीनंतर ज्याला सगळ्यांनी ओवाळून टाकला तो! खिशाला पेन लावून फिरलो असतो हो मी...

घेतला फोन. शहापूरच्या दुकानातून, वीटभट्टीवर दोन हंगाम राबून जमवलेले सगळे पैसे त्यात गेले. आमच्या वाडीतला पयला टच फोन, तुमाला सांगतो, म्हशीला रेडकू झाल्यासारखी माणसं बघायला आली. काका आला, बोटाने टिचकी मारली काचेवर, जशी भोपळ्याला मारतात पिकलाय का बघायला, आणि म्हणाला, ‘बटनं कुठं हायत? बिनबटनाचा दिला तुला. फसवला पोराला.’

आणि चारच दिवसांत तो फोन काय करायला लागला? कॅमेरा उघडला की बंद! आपला आपणच बंद, आपला आपणच चालू. गाणी वाजतील, फोन लागेल, कॅमेऱ्याला हात लावला की मेला. म्हणजे मला ज्याच्यासाठी पायजे तेवढंच सोडून सगळं!

मग काकाचा बटनवाला फोन मागून घेतला, माझा बोलता बोलता मेला तर? आणि ओढ्यावरच्या मोरीवर गेलो. आमच्या वाडीत रेंज फक्त मोरीवर, ती पण डोंगराकडे पाठ करून उभं राहिलं तर. लावला कंपनीला. ‘हिंदी के लिए दो दबाएँ.’ दाबला. ‘आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है.’ मग पेटी वाजते. टिंग टिंग टिंग टिंग. एवढं महत्त्वाचं आहे तर उचल ना बाय! शेवटी एक पोरगी आली, आवाज असा की साखरेचा पाक. ‘सर, क्या आप फोन को एक बार रिस्टार्ट कर सकते हैं?’ म्हटलं मॅडम, तो आपणहून रिस्टार्ट होतो, म्हणून तर फोन केला! ‘जी सर, मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ. तो क्या आप उसे एक बार रिस्टार्ट करेंगे?’ मी मोरीवर उभा, खाली म्हशी, म्हशी पण माझ्याकडे बघायला लागल्या. पण तक्रार लिहून घेतली तिने, खोटं कशाला बोलू. फोन दुरुस्तीला जाणार म्हणून दुसरा नंबर विचारला, मी काकाचाच दिला. दुसरा आणायचा कुठून? आणि सांगितलं, कल्याणला कंपनीचं सेंटर आहे, तिथे न्या, वॉरंटीत फुकट होईल.

घरी आलो, माझा फोन फळीवर ठेवला आणि शहापूरला गेलो दुकानदाराकडून बिलावर शिक्का आणायला. तेवढाच वेळ! संध्याकाळी येतो तर फळीवर फोन नाय. आईला विचारतो, आई भाकरी थापते, वर बघत नाय. म्हटलं आता हिने काहीतरी लपवलंय. काका ओट्यावर पान लावत बसलेला, मला म्हणतो, ‘फोन ना? औषधाला लावलाय.’

औषधाला!

‘ओल धरली होती त्यानं. सारखं बंद-चालू, बंद-चालू, म्हंजे आत ओल. तुला कळत नाय, वालाचं बी न सुकवता ठेवलं की असंच करतं, वरनं टनक, आतनं गेलेलं.’

आता तुमी शहरातले असाल तर सांगतो, आमच्याकडे वालाचं बियाणं कसं ठेवतात. मडक्यात चुलीची राख, राखेत बी घोळायचं, वरून निरगुडीचा पाला, मग मडक्याच्या तोंडावर फडकं, फडक्यावर शेण लिपायचं आणि मडकं चुलीच्या वर माळ्यावर. राख ओल ओढते, धुराने किडा लागत नाय, भातं कापून झाली की फोडायचं. झकास पद्धत आहे! वालाला! मी माळ्यावर चढलो, मडकं खाली घेतलं, शेण अजून ओलं, काका खालून ओरडतो, ‘फोडू नको रे, वारा लागंल! दिवाळीपर्यंत बघायचं नाय त्याच्याकडं!’ दिवाळीपर्यंत? पेरायचा आहे का फोन? वेल चढवायचा आहे मांडवावर, की दर शेंगेत एकेक चार्जर लागेल?

फोडलं मडकं. वालाच्या दाण्यांत माझा फोन, साधू बसल्यासारखा, अंगभर राख फासून. मी आईकडे बघितलं. तुला माहीत होतं? म्हणते, ‘मी काय बोलू? मोठं मानूस हाय. आनि वालाचं बी कधी वाया गेलंय का त्यांच्या हातचं?’

मग मी काय केलं, जुना दात घासायचा ब्रश घेतला, आईच्या साडीचं फडकं घेतलं, आणि बसलो. चार्जरच्या भोकातली राख सुईने काढली. स्पीकर फुंकून फुंकून माझे गाल दुखले. वरून पावडर लावली, चुलीच्या धुराचा वास जावा म्हणून. चालू केला. चालू झाला! कॅमेरा लावला... बंद. म्हणजे दुखणं जुनंच होतं, कंपनीचं, राखेने त्याचं ना बरं केलं ना वाईट. म्हटलं देव आहे! आता कल्याण.

आणि काका धोतर नेसून तयार! ‘पोरटं बघून फसवतील. बरोबर मोठं मानूस पायजे.’ आईने डबा दोघांचा बांधला. रस्ताभर मी हात जोडले, काका, तिथे बोलायचं नाय. राखेचं नाव काढायचं नाय. मडकं नाय, वाल नाय. काका म्हणाला, ‘मी कशाला बोलतोय? मला काय बोलायची हौस हाय?’

सेंटर असं चकचकीत की काकाने बाहेर चपला काढल्या. टोकन घेतलं, नंबर आला. काचेमागे टायवाला इंजिनिअर, त्याने फोन घेतला, कॅमेरा उघडला, बंद. परत उघडला, बंद. मान हलवली. मग पाठचं झाकण जरासं उचलून भिंग लावलं. आत एक पांढरा कागद चिकटवलेला असतो, पाणी गेलं तर तो लाल होतो, तो बघितला त्याने. आणि म्हणाला, तुमाला सांगतो, ही वाक्यं मी मरेपर्यंत विसरणार नाय, ‘कंपनी फॉल्ट है. बोर्ड चेंज हो जाएगा. फ्री.’ फ्री! कागद छापायला टाकला त्याने! मशीन घर्र घर्र करत होतं! आणि त्या भल्या माणसाने, कुणी सांगितलं होतं त्याला, जाता जाता म्हटलं, ‘फोन अच्छा रखा है आपने. अंदर नमी बिलकुल नहीं.’

संपलं.

नमी नाय म्हटल्यावर काकाची छाती जी फुगली! माझ्या हाताला धरून मला मागे सारला आणि म्हणाला, ‘नायच राहनार! ठेवलाच तसा! राखेत!’

‘क्या में?’

‘राख, राख! चुलीची! वरनं निरगुडी!’ आणि हाताने मडकं दाखवतो, तोंड कसं लिपायचं ते दाखवतो, मी काकाचं धोतर ओढतोय, मी इंजिनिअरला म्हणतोय साब ये बूढ़ा है, इसका दिमाग... तर काका माझ्यावरच, ‘तू गप, तुला काय कळतंय? इंजिनेर हाय तो, त्याला शिकूदे!’ त्याने झाकण पूर्ण काढलं. बॅटरी काढली. फोन उलटा करून पांढऱ्या टेबलावर ठोकला. आणि पडली हो... चिमूटभर राख. बारीक, मऊ, चाळलेली असावी तशी. आणि राखेमागून अर्धी वालाची साल. तिला ब्रश नव्हता लागला माझा.

मशीनमधला कागद त्याने फाडला. ‘कस्टमर मिसहँडलिंग. वॉरंटी कॅन्सल.’ मी म्हटलं साब, फॉल्ट पयला होता, राख नंतर गेली! तो म्हणाला, ‘मैं क्या करूँ, रूल है.’ तिथल्या पोराने काकाला पाण्याचा ग्लास दिला, काका प्यायला, दुसरा मागितला. आणि परतताना मला काय म्हणतो? ‘बघ, नमी नाय म्हनाला. माझंच बरोबर निघालं.’

वाडीत आलो, मी पाय धुवेपर्यंत ओट्यावर काकाची गोष्ट सांगून झालेली, देवजीने कल्याणच्या इंजिनेरला शिकवलं! मी भांडलो, सगळ्यांसमोर. मी म्हटलं तू माझं काम खाल्लंस. सगळे म्हातारे माझ्याकडे बघायला लागले, जसं मी देवळात थुंकलो. आई म्हणाली, ‘पाया पड त्यांच्या. तुझ्यासाठी कल्याणला आले ते, मोठं मानूस असून.’ पडलो पाया! काय करू? भाकरी त्याच घरात आहे.

पण मी पण सोडलं नाय. परत काकाचा फोन, परत मोरी. ह्या वेळेला नशिबाने मराठी मॅडम लागली, शीतल नाव, वरची कोण तरी होती, ऐकून घेतलं तिने सगळं. हसली पण थोडी, मला कळलं, पण ऐकलं. म्हणाली, ‘तुमची तक्रार आधीची आहे, राख नंतरची, हे आमच्याकडे दिसतंय. मी केस वर पाठवते. तुम्हाला ह्याच नंबरवर एक फोन येईल, तेवढा घ्या.’

तेवढा घ्या!

काकाला म्हटलं फोन माझ्याकडे ठेवू दे. ‘माझा फोन तुला कशाला? मी घेतो की. कंपनीशी मोठ्या मानसाने बोललेलं बरं.’ मी आसनगावला गेलो भगीरथशेठकडे मुदत मागायला. त्याने आठवडा दिला, चांगला माणूस. उड्या मारत आलो, तर काका ओट्यावर, तोंडभर हसू.

‘सकाळपासनं मोरीवर बसलो होतो तुझ्यासाठी. तुझा फोन आला होता रे कंपनीचा. पोरगी लय गोड बोलत होती. म्हनाली, काका, आमच्या सेवेला किती गुन द्याल, एक ते पाच? म्हटलं पाच! गारवा काय, पानी काय, खुर्ची काय! पाचच!’

काका... आणि तक्रार?

‘हां, ते पन विचारलं तिनं. तक्रार बंद करू का? म्हटलं कर बाय, कशाला उघडी ठेवतेस. आपन कुनाचं वाईट करू नये. तिची पन नोकरी असंल.’

तिची पण नोकरी असेल! मी भिंतीला टेकून खाली बसलो. आई आतून म्हणाली, ‘काय झालं रे?’ मी म्हटलं काय नाय. मोठं माणूस आहे.

परत लावला कंपनीला, पाच वेळा. पाची वेळा एकच, ‘सर, ग्राहक संतुष्ट आहेत, केस बंद आहे.’ कोण संतुष्ट? कुठला ग्राहक? ‘जी सर, पाचपैकी पाच.’

आठवडा संपला. भगीरथशेठने कसाऱ्याच्या सुनिल नावाच्या पोराला घेतलं, त्याच्याकडे टच फोन होता, आणि काका नव्हता. पाऊस पडायच्या आधी आमच्या दारासमोर खांब उभा केला त्यांनी. मी बघायला गेलो. सुनिल, खिशाला पेन, फोन डोळ्यासमोर धरून मला म्हणाला, ‘दादा, जरा बाजूला हो, फोटोत येतोस.’

झालो बाजूला. काम गेलं, वीटभट्टीचे दोन हंगाम गेले, आणि ह्या पावसात मी देवजीकाकाच्या खाचरात लावणीला आहे, दोन वेळच्या जेवणावर.