पांढऱ्या मैनेचा निबंध

(मध्य जावातलं एक गाव. शाळा नुकतीच सुटलीय. हार्तोयो गुरुजींच्या घराची मागची पडवी.)

मुर्तिनी : ताटाला हात लावला नाहीत. वर्गात काय झालं ते सांगा तरी.

हार्तोयो : काही नाही. सेकारनं निबंध पुस्तकातून उतरवून आणला. सगळ्यांसमोर बोललो तिला.

मुर्तिनी : सेकार म्हणजे रोज सकाळी आपल्याकडे सोयाबीनच्या टेंपेच्या वड्या घेऊन येते ती? ती तर वर्गात तोंडच उघडत नाही म्हणत होतात.

हार्तोयो : घरी सगळी जावानीज बोलणारी पोरं. इंडोनेशियन बोल म्हटलं की ततपप करतात. म्हणून तर मी ते नामशेष होत चाललेले प्राणी काढले. एकेकानं एकेक निवडायचा, आणि आंधळ्यालाही दिसेल असा इंडोनेशियनमध्ये सांगायचा. गेंडा, वाघ, ओरांगउटान. पोरं बोलायला लागली गं.

मुर्तिनी : तिनं कुठला निवडला?

हार्तोयो : बालीची पांढरी मैना.

मुर्तिनी : बरं. पुढं?

हार्तोयो : एकदाही अडखळली नाही. डोळ्याभोवती निळं असतं म्हणाली, गाताना तुरा उभारून मान खाली-वर करते म्हणाली. अख्खा वर्ग गप्प बसून ऐकत होता.

मुर्तिनी : असेल हे पुस्तकात.

हार्तोयो : मग म्हणाली, ती सकाळी पितळी वाटीत आंघोळ करते, आणि तिच्या डाव्या पायाचं एक बोट वाकडं आहे.

मुर्तिनी : आणि हे कुठल्या पुस्तकात आहे?

हार्तोयो : कुठल्याच नाही.

मुर्तिनी : अहो, आपल्या मैनेच्या पिंजऱ्यावरचं कापड मी काढते तेव्हा ती पोर इथं दारात उभी असते. तुम्हाला तिथंच कळलं असणार.

हार्तोयो : बोटापाशीच कळलं. इतक्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, तू कुठं पाहिलीस? ती माझ्याकडे बघायला लागली. आणि मी बोलून गेलो, पाहतेय कुठली, उतरवलंय सगळं.

मुर्तिनी : ती काय म्हणाली?

हार्तोयो : हो म्हणाली. 'हो गुरुजी, उतरवलं.' आणि खाली बसली. दहा वर्षांच्या पोरीनं माझी अब्रू झाकली, आणि मी तिला उद्या दुसरा निबंध आण म्हणून सांगितलं.

मुर्तिनी : चोरीचा पक्षी, ना कागद ना पत्र. तुमच्या वडिलांच्या ओसरीवर पिंजरा होता म्हणून तुम्हालाही हवा. तेव्हाच म्हटलं होतं, कोंबडी पाळा, निदान अंडी तरी देईल.

हार्तोयो : टोमणे नंतर मार. मला आज माझीच लाज वाटतेय.

मुर्तिनी : वाटू दे. दारात कोण आलंय बघा.

सेकार : गुरुजी, जेवताय का? मी नंतर येते.

हार्तोयो : नाही, ये. बोल.

सेकार : दुसऱ्या निबंधाला कुठला प्राणी घेऊ?

हार्तोयो : तुला आवडेल तो घे.

सेकार : तसं नको, गुरुजी. कुणाच्याच घरी नसेल असा सांगा. म्हणजे परत चुकणार नाही.

हार्तोयो : चूक तुझी नव्हती, सेकार. वही आणलीयस ना? तोच निबंध काढ. शेवटचं एक वाक्य राहिलंय, ते लिही. 'ही मैना मी आमच्या गुरुजींच्या घरी पिंजऱ्यात पाहिली.'

मुर्तिनी : अहो, वर्गात हे सांगितलंत तर संध्याकाळच्या आत वनखात्याची माणसं दारात येतील. शाळेतही विचारतील.

हार्तोयो : विचारू देत. मैनाही नेऊ देत. लिहिलंस?

सेकार : लिहिलं. पण गुरुजी, सगळ्यांसमोर हे वाचायची मला लाज वाटेल.

हार्तोयो : तू आधीचं सगळं वाच. हे वाक्य मी वाचेन.