जावयाचा रुसवा

रिसोडच्या बसस्थानकावर दुपारी लिंबाच्या सावलीत माझा डोळा लागत होता. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते. अनसिंगला भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघाले होते. सगळं जसंच्या तसं ऐकलं, की थोडं झोपेतच, हे मला नक्की सांगता येणार नाही.

"समीक्षा फोनवर रडत होती. तिले हे लगन नाही करायचं."

"तुह्या भावाची पोरगी हाय, हौसा. तूच सांग त्याले."

"सांगतलं. तो म्हणे, बाईमानसाचं डोकं लवकर तापते."

"मंग मी काय करू?"

"रुसा."

"काय?"

"मोठे जवाई तुमी. तुमी रुसले का पंगत बसत नाही. दुपट्टा हलका आला म्हणून रुसले, पान उशिरा आलं म्हणून रुसले. आज पोरीसाठी रुसा."

"मले राग त यायले पायजे ना आंधी!"

"दुपट्ट्याच्या टायमाले आला होता?"

"ते खोटं असते, येडे. रीत असते."

"खोट्या रागाले अख्खं घर हात जोडते. खऱ्याले नाही जोडनार?"

"अन् कोनीच नाही आलं मनवायले, तं?"

"मी बसीन ना तुमच्यापाशी. उपाशी."

लिंबाची पिवळी पानं हळूहळू माझ्या मांडीवर उतरत होती.

"आले, अन् विचारलं, जवाईबापू काय पायजे, तं काय सांगू?"

"म्हणा, पोरीले विचारा. तिचं आयकलं, का मंग जेवू आपन."